काटेरी वाटेसाठी टायर : श्वाल्बे मॅरेथॉन प्लस

नीरा डाव्या कालव्याच्या कडेने जाणारा मुरमाचा रस्ता, पुढे खड्ड्यांनी भरलेला डांबरी पट्टा आणि शेवटी औद्योगिक वसाहतीतले काँक्रीट, असा ज्यांचा रोजचा सायकलने कामावर जाण्याचा मार्ग आहे, त्यांनी टायर निवडताना नक्षीकडे बघण्याआधी आपले पंक्चर नेमके कशाने होते याचा विचार करावा. आमच्या भागात त्याचे उत्तर बहुधा बाभळीचा काटा हेच असते. बांधावर कुंपणासाठी टाकलेल्या फांद्या वाऱ्याने आणि गुरांच्या येण्याजाण्याने रस्त्यावर येतात, आणि वाळलेला काटा साध्या टायरच्या रबरातून सहज आरपार जातो. डांबरी रस्त्यावरचा शत्रू वेगळा आहे. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या पोलादी तारेचा केसाएवढा तुकडा रबरात शिरून बसतो आणि दिसतही नाही. ट्यूब बदलली तरी तो आतच राहतो आणि नवी ट्यूबही भोसकतो.

या दोन्ही शत्रूंचा विचार करून मी श्वाल्बे या जर्मन कंपनीचा मॅरेथॉन प्लस हा टायर ३७-६२२ या मापात (३७ मिलिमीटर रुंद, ६२२ मिलिमीटर व्यासाच्या रिमसाठी) घेतला आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यात वापरला. या टायरचे सारे वैशिष्ट्य नक्षीखाली दडलेल्या निळसर थरात आहे. लवचीक रबराचा हा थर तब्बल ५ मिलिमीटर जाड असतो. त्याच कंपनीच्या साध्या मॅरेथॉनमध्ये तसाच संरक्षक थर ३ मिलिमीटरचा आहे. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण रस्त्यावर तो ठळकपणे जाणवतो. टायर उतरवून बारकाईने पाहिले तेव्हा एका काट्याचे डोके रस्त्यावर घासून रबराच्या पातळीला आलेले होते आणि त्याचे टोक निळ्या थरात रुतून थांबलेले होते. आतल्या बाजूने बोट फिरवले तर काहीही लागत नव्हते. तो काटा चिमट्याने काढून टाकला आणि तेच टायर पुन्हा चढवले.

आता दुसरी बाजू. या मापात एका टायरचे वजन सुमारे ९०० ग्रॅम भरते आणि ते चाकाच्या परिघावर असल्यामुळे सिग्नलवरून निघताना किंवा कालव्याच्या भरावावर चढताना पायांना त्याची जाणीव होते. एकदा वेग आला की सपाट रस्त्यावर फारसा फरक पडत नाही. चाल थोडी टणक आहे, खडीवर हादरे हातापर्यंत येतात. चिखलात मात्र याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. नक्षी उथळ असल्याने पहिल्या पावसात काळी माती त्यात गच्च बसते आणि मागचे चाक जागच्या जागी फिरू लागते. ज्यांच्या वाटेवर कच्चा भाग अधिक आहे त्यांनी मॅरेथॉन प्लस टूर पाहावा. संरक्षक थर तोच, पण नक्षी खोल आहे. शिवाय हा थर फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली असतो, बाजूच्या भिंतींना तो नसतो. त्यामुळे बाजूने घुसणाऱ्या काट्याला किंवा धारदार दगडाला हा टायरही अडवू शकत नाही. हवा कमी ठेवून खड्ड्यात आदळल्यास ट्यूब रिमच्या कडेत सापडून तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, त्यावर कोणताच थर उपयोगी पडत नाही. तिथे दाबमापक असलेला पंप हाच उपाय.

दोन्ही चाकांना प्लस घालण्याची गरज मला वाटत नाही. वजन मागच्या चाकावर अधिक पडते आणि पुढच्या चाकाने उलटवून उभा केलेला काटा बरेचदा मागच्याच चाकात शिरतो. म्हणून मागे प्लस आणि पुढे साधा मॅरेथॉन ही जोडी मला सर्वांत पटते. त्यात थोडे वजन वाचते आणि थोडे पैसेही, कारण एकेका टायरला काही हजार रुपये मोजावे लागतात आणि तेवढ्यात देशी टायरच्या दोन-तीन जोड्या येतात.

टायर चढवणे ही मात्र खरी कसोटी आहे. तो इतका ताठ असतो की पंक्चरवाल्याने लोखंडी पाना घालून जोर लावला तर नवी ट्यूबच चिमटली जाण्याची भीती असते. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून, टायरची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत दाबत व्हॉल्व्हपाशी शेवट करावा; प्लास्टिकचे लिव्हर जवळ ठेवावेत आणि शक्यतो हे काम घरीच, सावकाश करावे. निळा थर नक्षीतून दिसू लागला की टायर गोटा झाला असे समजून तो बदलावा.

मागवण्याआधी जुन्या टायरच्या बाजूवरचे माप वाचून घेणे आवश्यक आहे. ७०० सी आणि २९ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या मापांत रिमचा, टायरची कडा बसते तिथला, व्यास ६२२ मिलिमीटर असतो, जुन्या २६ इंची माउंटन सायकलचा ५५९, तर आपल्याकडच्या २८ × १ १/२ मापाच्या काळ्या, दांडीच्या सायकलचा ६३५. केवळ ‘२८ इंची’ असे सांगून टायर मागवला तर ६२२ चा येतो आणि तो त्या काळ्या सायकलच्या रिमवर चढतच नाही. तशा सायकलला जाड देशी टायर घालून आत जुन्या टायरची पट्टी टाकणे हा स्वस्तातला मार्ग आहे. फक्त पट्टीची टोके गोल कापून कानशीने घासावीत, नाहीतर काट्याऐवजी ती टोकेच ट्यूबला भोक पाडतात.