पाच फुटी फिश टँकचा लोखंडी स्टँड : दहा महिन्यांनंतर

दसऱ्याच्या आदल्या रात्री टाकीत पाणी भरलं आणि आता श्रावण सरत आलाय. म्हणजे स्टँडने दहा महिने काढले, त्यात पावसाळ्याचा मोठा भाग आला. बनवला तेव्हा लगेच लिहिणार होतो, पण नव्या लोखंडाबद्दल काय लिहायचं? रंग ताजा असेपर्यंत सगळेच स्टँड सुंदर दिसतात.

आम्ही ऐरोलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. टाकी ५ फूट लांब, २ रुंद, २ उंच, काच १२ मिमी. आत दोन ऑस्कर मासे आहेत. आणले तेव्हा बोटाएवढे होते, आता वीतभर झालेत आणि अजून वाढायचेत. स्टँड ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गल्लीत बनवून घेतला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यावर तिची पहिली वसाहत इथेच उभी राहिली. आता तिथे बऱ्याच ठिकाणी काचेची ऑफिसं दिसतात, पण आतल्या गल्ल्यांत अजून लेथ फिरतं आणि वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. माझे सासरे तिथेच एका कारखान्यात टर्नर होते. त्यामुळे मिस्त्री निवडण्यापासून गुण्या लावून कोपरे तपासण्यापर्यंत सगळ्यात त्यांचा हात आहे. चुका मात्र माझ्या.

टाकीवाल्या दुकानात तयार स्टँड मिळत होता. चार पाय, १८ गेजचा पाइप, वर चकचकीत काळा रंग. १८ गेज म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडी. दुकानदार म्हणाला, "हजार टाक्या गेल्यात यावर." गेल्याही असतील, पण माझी टाकी जायची नव्हती.

वजनाचा हिशेब करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. टाकीचं आकारमान २० घनफूट, म्हणजे ५६६ लिटर. वरचे दोन इंच रिकामे सोडले आणि वाळू-दगडांनी अडवलेली जागा वजा केली तरी पाणी ५०० किलोच्या घरात. १२ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला ३० किलो. माझ्या टाकीला ३८ चौरस फूट काच लागली, म्हणजे १०५ किलो. वाळू आणि दगड ८० किलो. स्टँडवर एकूण सातशेच्या आसपास.

हा आकडा ऐकून घरात पहिला प्रश्न आला तो स्लॅबचा. रास्तच होता. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो वजन धरलेलं असतं. आमची टाकी एका चौरस मीटरपेक्षा थोड्या कमी जागेत सातशे किलो ठेवणार. याचा अर्थ स्लॅब कोसळणार असा नाही, कारण ते २०० किलो अख्ख्या खोलीभर धरलेले असतात. पण टाकी कुठे ठेवायची हे आपल्या मनाने ठरवू नये, एवढं नक्की. सोसायटीचं काम पाहणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावलं. त्यांनी बीम कुठून जातो ते पाहून भिंतीला लागून, बीमच्या अंगाची जागा दाखवली आणि तसं लिहून दिलं. बाल्कनीचा विषय काढताच त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरी त्या कागदावर खूश.

स्टँडचा आराखडा मी वहीत काढला होता. ४० बाय ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, उंची ३० इंच, सहा पाय. मिस्त्री म्हणाला, "साहेब, चार पायांवर बैल उभा करा, काही होणार नाही." पायांचं त्याचं खरंच होतं. तेवढ्या उभ्या पाइपला हे वजन काहीच नाही. गोम वरच्या आडव्या पाइपात असते. मधला पाय नसेल तर हाच पाइप पुढच्या बाजूचे साडेतीनशे किलो घेऊन मध्यभागी आठ-नऊ मिलिमीटर वाकतो. मधे पाय दिला की बाक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. अंतर निम्मं केलं की बाक सोळापट कमी होतो, असं ते गणित आहे. लोखंडाला नऊ मिलिमीटरचं काही वाटत नाही, काचेला वाटतं.

दुसरा वाद तिरक्या पट्ट्यांचा. मिस्त्रीला त्या अनावश्यक वाटत होत्या. सासऱ्यांनी वाद न घालता टॅक मारलेला, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी तात्पुरता जोडलेला सांगाडा खांद्याने बाजूला ढकलून दाखवला. सांगाडा चारपाईसारखा डोलला. मग मागच्या बाजूच्या दोन्ही गाळ्यांत आणि दोन्ही कडांना २५ बाय ५ ची पट्टी फुलीसारखी मारून घेतली. स्टँड खाली दबून पडत नाही, तो बाजूला झुकून पडतो. हे वाक्य सासऱ्यांचं.

वेल्डिंगचंही एक. मिस्त्रीच्या पोराने एका कोपऱ्यापासून सुरुवात करून फुल वेल्डिंग ओढत नेलं. उष्णतेने लोखंड ओढलं जातं, त्यामुळे वरची चौकट पिळली. आधी सगळीकडे टॅक मारून मग समोरासमोरचे कोपरे आलटून-पालटून भरायला हवे होते. पीळ डोळ्यांना दिसत नव्हता. आम्ही समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन दोरे ताणले. चौकट सपाट असेल तर दोरे मधे एकमेकांना जेमतेम टेकतात. आमच्या दोऱ्यांत तीन मिमीची फट. पोराचं तोंड पडलं, पण बाप समजूतदार निघाला. एक सांधा कापला, पुन्हा भरला, ग्राइंडर फिरवला. फट नाहीशी झाली.

एकूण वजन ४२ किलो भरलं. लोखंड आणि मजुरी मिळून किलोला १४५ रुपये, म्हणजे सहा हजारांवर थोडं. पावडर कोटिंगचे १,९०० वेगळे. वर १८ मिमीचा मरीन प्लाय आणि त्यावर १० मिमी फोम शीट, त्याचे २,३०० झाले.

घरी आणल्यावर फरशीने घोळ घातला. पुढच्या मधल्या पायाखालची टाइल नाण्याने वाजवली तर पोकळ बोलली. मिस्त्रीच्या मते मधला पाय "नुसता आधाराला" असतो. प्रत्यक्षात उलटं आहे. वरचा पाइप सलग असेल आणि तिन्ही पाय एका पातळीत टेकलेले असतील, तर कागदावर त्या बाजूच्या वजनाचे साडेबासष्ट टक्के मधल्या पायावर येतात. म्हणजे २२० किलोच्या आसपास मधे आणि कडेच्या पायांवर ६५-६५. नेमकी तीच टाइल पोकळ. ती काढून खाली माल भरून पुन्हा बसवली. प्रत्येक पायाखाली ४ बाय ४ इंची, ६ मिमीची प्लेट आणि तिच्याखाली रबर. हॉलची फरशी बाल्कनीकडे उतरती आहे, पाच फुटांत चार मिमी. पाणसळ लावून प्लेटखाली पत्र्याचे तुकडे सारले आणि टाकी अर्धी भरल्यावर पुन्हा पाहिलं. भरलेल्या टाकीतल्या पाण्याची रेघ हीच सगळ्यात खरी पाणसळ. दोन्ही टोकांना काचेच्या वरच्या कडेपासून पट्टीने मोजायचं, बस.

आता दहा महिन्यांचा हिशेब.

पातळी पहिल्या आठवड्यात एक मिमी सरकली, बहुतेक फोम आणि रबर दबल्यामुळे. त्यानंतर हललेली नाही. सांधे, पाय, पट्ट्या, कशातही काही नाही. माझा सहा वर्षांचा मुलगा काचेला टेकून उभा राहतो, पाणीही डुचमळत नाही. वजन पेलायचं काम या स्टँडने निमूटपणे केलं, त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

त्रास दिला तो गंजाने. ऑस्कर पाळणाऱ्यांना सांगायला नको, खायला टाकलं की हे मासे शेपटीने पाणी उडवतात. ते पाणी फोमच्या कडेने खाली ओघळतं आणि वरच्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात बसतं. पावडर कोटिंग नेमकं तिथेच पातळ असतं. पावडर विद्युतभाराच्या जोरावर लोखंडाला चिकटते आणि तो भार तिला कडांकडे व सपाट भागाकडे ओढतो. खोल कोपऱ्यात ती नीट शिरतच नाही. कारागीर याला फॅरडेचा कोपरा म्हणतात. फेब्रुवारीत मला तिथे चहाच्या डागासारखे ठिपके दिसले. जूनमध्ये त्यांना फुगे आले.

दुसरी जागा खालच्या कप्प्याची मागची आडवी पाइप. कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा फिल्टर) धुवायला काढला की नळीतलं घोटभर पाणी दर वेळी तिथेच सांडतं. तिथल्या वेल्डिंगचे थेंब घासून न काढता वरून कोटिंग मारलं होतं, त्यामुळे कोटिंग पापडासारखं सुटलं. मी तारेच्या ब्रशने खरवडून, रेड ऑक्साइडचा हात देऊन वर काळा एनॅमल मारला. टिकलाय, पण जोड दिसतो. पुन्हा बनवायची वेळ आली तर कोटिंगला टाकण्याआधी सगळे आतले कोपरे स्वतः बोट फिरवून पाहीन आणि तिथे आधी एपॉक्सी प्रायमर ब्रशने भरता येईल का, हे कोटिंगवाल्याला विचारीन. पाइपची उघडी तोंडं मात्र सासऱ्यांनी हट्टाने पत्रा लावून वेल्डिंगने बंद करून घेतली होती, सांधेही पूर्ण फिरवून. प्लास्टिकचं बूच लावलं असतं तर पावसाळ्यात आत ओल शिरली असती आणि पाइप आतून खात गेला असता, जे बाहेरून कळतही नाही.

आवाज. कॅनिस्टर खालच्या पत्र्यावर ठेवला त्या रात्री हॉलमध्ये कुणीतरी दाढीचं मशीन विसरल्यासारखा घूं आवाज. पोकळ पाइप आणि पातळ पत्रा म्हणजे ढोलकीच. कॅनिस्टरखाली जाड रबर मॅट टाकली, आवाज गेला. दीडशे रुपयांचं काम.

विजेचं आधी सुचलं हे नशीब. पाणी, लोखंड आणि प्लग एकाच कपाटात, तेव्हा स्टँडला नट लावून हिरवी वायर अर्थिंगला जोडली आहे. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच आहे. बोर्ड खाली न ठेवता आतल्या बाजूला उंचावर लावलाय आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबकळून मग वर जाते, म्हणजे ओघळणारं पाणी खाली गळेल, प्लगमध्ये जाणार नाही. मे महिन्यात हीटरची काच तडकली तेव्हा आरसीसीबी पडला. मासे ठीक, मीही ठीक.

उंचीचं माझं चुकलंच. ३० इंच स्टँड, वर प्लाय आणि फोम, वर २४ इंच टाकी. काचेची कड माझ्या खांद्याला लागते. सोफ्यावरून दिसायला छान, पण तळाचा दगड हलवायचा तर स्टूलवर चढून बगलेपर्यंत हात घालावा लागतो. बायकोने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "हे रोज तूच कर." तीन-चार इंच कमी चाललं असतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर लिहायला बसलो. दोन ऑस्कर इतकी घाण करतात की कॅनिस्टर एकटा पुरत नाही. एप्रिलमध्ये ठरवलं, खाली ३ फुटी सम्प, म्हणजे पाणी गाळणारी दुसरी टाकी टाकू. मोजपट्टी घेऊन खाली बसलो आणि लक्षात आलं की तो आत जाणारच नाही. पुढच्या मधल्या पायामुळे प्रत्येक गाळा साडेसत्तावीस इंचांचा राहतो. कडेने सरकवावा तर दोन्ही कडांना तिरक्या पट्ट्या, वेल्डिंगने पक्क्या. डावीकडे तर भिंतच. मागून प्रश्नच नाही. आत जागा पाच फुटांची, दार सव्वादोन फुटांचं.

पुन्हा गणित केलं आणि चरफडलो. पुढच्या बाजूला ४० बाय ४० ऐवजी ८० बाय ४० चा, ३ मिमी जाडीचा पाइप उभा बसवला असता तर मधल्या पायाची गरजच नव्हती. पाच फुटांत बाक एक मिलिमीटरच्या थोडा वर आला असता. त्यासाठी जास्तीचं लोखंड किती? साडेचार किलो. माझ्या भावाने साडेसहाशे रुपये. मी सगळा वेळ स्टँड वजन पेलेल का याच काळजीत होतो, हात आत कसा जाईल हे एकदाही विचारलं नाही. निदान पुढचा मधला पाय नटबोल्टचा केला असता तरी निभावलं असतं.

मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, "पाय कापून देतो ना, वरनं पाइपही बदलून देतो. फक्त टाकी रिकामी करून उतरवा." एकशे पाच किलोची नुसती काच. ती चढवताना सहा माणसं आणि जिना लागला होता, लिफ्टमध्ये मावली नव्हती. सासरे म्हणाले, "जावईबापू, त्यापेक्षा सम्प लहान करा."

घणसोलीतल्या एका काचवाल्याकडे २६ इंची सम्प टाकलाय. तीन कप्पे, उंची १५ इंच, कारण स्पंज धुवायला काढताना वरून हात शिरायला हवा. या वेळी पुठ्ठ्याचा खोका त्याच मापाचा कापून आधी आत घालून पाहिला. दोनदा.