पिशवीचा रिपोर्ट: कोल्हापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं परीक्षण

कॅन्सरसाठी गर्भाशयाची पिशवी काढली की पुढचे उपचार लॅबच्या कागदावर ठरतात. या लॅबचा कागद चोख आहे, नमुना पाठवायच्या बरणीच्या बाबतीत मात्र हलगर्जी.

पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर भिंतीच्या स्नायूत घुसतो, खाली गर्भाशयमुखाकडे सरकतो, ओटीपोटातल्या आणि महाधमनीलगतच्या लिम्फ नोडमध्ये (लसीका गाठींमध्ये) जातो, गर्भनलिकेतून पोटात उतरतो, नाहीतर रक्तातून फुफ्फुसं गाठतो. तो यातल्या कुठल्या वाटेनं गेलाय ते रिपोर्टात कळायला हवं. इथं ‘भिंतीत शिरलेला’ एवढ्यावर भागवत नाहीत. ‘१६ मिमी भिंतीत ९ मिमी’ असं मोजून देतात. निम्म्याच्या आत आणि ग्रेड (पेशी किती बिघडल्यात त्याची पायरी) कमी असेल तर बऱ्याचदा ऑपरेशनवरच निभावतं. त्यापलीकडे गेला की नोडमध्ये पसरण्याचा धोका वाढतो, रेडिएशनचा विचार होतो. बारीक वाहिन्यांत पेशी दिसल्या तर किती वाहिन्यांत, हेही लिहितात. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या वर्गवारीत, कमी आक्रमक प्रकार असेल तर, ५ किंवा जास्त वाहिन्या म्हणजे कॅन्सर गर्भाशयातच असला तरी स्टेज दोन-बी. सिरस या आक्रमक प्रकारात भिंत जेमतेम खरचटलेली असूनही ओमेंटमवर (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर) पेशी सापडू शकतात. ओमेंटमचा तुकडा आलेला नसेल तर रिपोर्टात तसं स्पष्ट नोंदवतात. हे विशेष आवडलं.

आता बरणी. गडहिंग्लज, राधानगरीकडून नमुने येतात आणि लॅब देते अर्ध्या लिटरची बरणी. त्यात पिशवी कोंबली की नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनला जागा कुठली? १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन नमुन्याच्या दहापट तरी हवं, आणि पिशवी उभी चिरून उघडलेली हवी. नाहीतर ते आत पोचेपर्यंत अस्तरच सडतं, खोली नीट मोजता येत नाही, पी५३ आणि एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) यांचे स्टेन, म्हणजे पेशीतली प्रथिनं रंगवून बघायच्या तपासण्या, फसतात. मग आधीच्या क्युरेटिंगचा (अस्तर खरवडून काढलेल्या नमुन्याचा) ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, शोधत बसा! काउंटरवर मागितली तर रुंद तोंडाची मोठी बरणी मिळते. आपणहून कुणी देत नाही.

हे दोन्ही स्टेन वेगळ्या पावतीवर होतात, म्हणून फॉर्मवर आधीच लिहून द्यावेत. पी५३ (पेशींची वाढ आवरणारं प्रथिन) बिघडलेला असला तर केमोकडे कल जातो. एमएमआर नसला तर इम्युनोथेरपीचा पर्याय खुला होतो आणि घरातल्यांच्या आनुवंशिक तपासणीचाही प्रश्न येतो.

पाचपैकी साडेतीन. ब्लॉक अर्ज दिल्यावर दुसऱ्या दिवशी मिळतात. दुसऱ्या मतासाठी मुंबईला टाटा हॉस्पिटलात जाताना नुसत्या काचा (स्लाइड) नेऊ नका, नवे स्टेन ब्लॉक कापूनच होतात.