क्युबा की निकाराग्वा : सिगारची प्रत ठरवताना आधी काय पाहावे

चांगला सिगार विकत घ्यायचा असे एकदा ठरवले, की निवड बहुधा दोन देशांपाशी येऊन थांबते. एकीकडे क्युबा असतो, ज्याचे नाव सिगारशी शेकडो वर्षे जोडलेले आहे, आणि दुसरीकडे निकाराग्वा, ज्याने गेल्या काही दशकांत त्या नावाला खरे आव्हान दिले. तुलना हवेत राहू नये म्हणून दोन ठरावीक नमुने समोर ठेवतो. पहिला हवानाचा पार्तागास सेरी डी क्रमांक ४ आणि दुसरा निकाराग्वातील एस्तेलीत तयार होणारा पाद्रोन १९६४ अ‍ॅनिव्हर्सरी मालिकेतील एक्स्क्लुसिव्हो. दोन्हींची जाडी ५० रिंगची, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर आहे. पार्तागास १२४ मिलिमीटर लांब आहे, तर पाद्रोन साडेपाच इंच, म्हणजे साधारण १४० मिलिमीटर. दोन्ही हाताने वळलेले असून दोन्हींच्या गाभ्यात अखंड लांब पाने असतात, आणि प्रत्येकातील सगळी तंबाखू एकाच देशातली असते. त्यामुळे ही तुलना बरोबरीच्या दोघांची आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सिगारची प्रत सर्वांत आधी त्याच्या बांधणीवर ठरते, त्यानंतर पान किती मुरले आहे यावर, आणि चव हा विचार त्याच्याही नंतरचा. देश, सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरचे नाव, वेष्टणाचा रंग आणि राखेची लांबी या गोष्टींना दुकानात जितके महत्त्व दिले जाते तितके त्यांचे मोल नाही. उत्तम जमिनीतले, उत्तम मुरलेले पान जर चुकीच्या पद्धतीने वळले गेले, तर त्याची चव जिभेपर्यंत पोहोचतच नाही.

बांधणी

सिगार आडवा कापून पाहिला तर तीन थर दिसतात : आतला गाभा, तो धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि वरचे देखणे वेष्टण. गाभ्यात वेगवेगळ्या उंचीवरून खुडलेली पाने एकत्र येतात. रोपाच्या खालच्या भागातले व्होलादो पान सौम्य असते, पण चांगले जळते. मधल्या भागातले सेको सुगंध देते. शेंड्याकडचे लिहेरो ऊन जास्त खाल्ल्यामुळे जाड, तेलकट व कडक असते आणि सर्वांत सावकाश जळते. म्हणून जाणकार कारागीर लिहेरो नेहमी मधोमध ठेवतो. ते एका बाजूला सरकले, तर ती बाजू मागे राहते, दुसरी भराभर जळत जाते आणि ओढणाऱ्याला दर दोन मिनिटांनी आगपेटी हातात घ्यावी लागते.

पाने किती आणि कशी भरली, हा याहून नाजूक प्रश्न आहे. भरणा जास्त झाला किंवा पाने पिळली गेली तर सिगार तुंबतो. झुरका ओढताना गाल आत जातात, धूर जेमतेम येतो आणि जोर लावून ओढल्यामुळे टोक तापून चव कडवट होते. भरणा कमी पडला तर हवा मोकळी सुटते, सिगार गरम होतो आणि लवकर संपतो. म्हणजे दोन्ही दोषांचा शेवट एकाच अनुभवात होतो : जिभेला चटका आणि घशाला खवखव. पुष्कळदा माणूस त्याचा दोष तंबाखूच्या कडकपणाला देतो, पण खरी चूक वळणाऱ्या हाताची असते.

क्युबातील कारखान्यांत एकच तोर्सेदोर, म्हणजे सिगार वळणारा कारागीर, गाभा बांधण्यापासून तोंडात धरायच्या टोकावरची पानाची टोपी चिकटवण्यापर्यंत सगळे काम करतो. निकाराग्वात आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात बहुतेक ठिकाणी जोडीने काम चालते; एक जण गाभा बांधतो, तर दुसरा, बहुधा एखादी स्त्री, वेष्टण गुंडाळते. पहिल्या पद्धतीत एका माणसाचे कसब शेवटपर्यंत टिकते, आणि तो थकला असेल तर त्याची थकावटही सिगारमध्ये उतरते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्याची नजर फिरते. १९९० च्या दशकात सिगारची मागणी अचानक वाढली तेव्हा क्युबाने उत्पादन वेगाने वाढवले, नवशिक्या हातांकडे काम गेले आणि त्या दशकाच्या अखेरच्या वर्षांतील अनेक पेट्या तुंबलेल्या सिगारमुळे बदनाम झाल्या. त्यानंतर तेथील कारखान्यांत वेष्टण चढवण्याआधी गाभ्यातून हवा ओढून पाहणारी यंत्रे आली आणि परिस्थिती बरीच सुधारली. तरीही एकाच पेटीतले दोन पार्तागास सारखेच निघतील याची खात्री मी देणार नाही. पाद्रोनबाबत ती खात्री बऱ्याच अंशी देता येते, कारण ते घराणे शेतापासून पेटीपर्यंतचे काम स्वतःच्या हाती ठेवते. या निकषावर माझा कौल निःसंदिग्धपणे निकाराग्वाला आहे.

दुकानात बांधणी पारखायला कोणतेही उपकरण लागत नाही. सिगार दोन बोटांत हलकेच दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा. मध्येच दगडासारखी गाठ लागली किंवा पोकळ जागा जाणवली, तर तो परत ठेवावा. पेटवायच्या टोकाकडून पाहिल्यास पानांच्या घड्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या दिसायला हव्यात. वेष्टणाला जाड शिरा, चिरा किंवा डिंकाचे डाग नसावेत. पाद्रोनचा एक्स्क्लुसिव्हो पेटीत दाबून चौकोनी केलेला असतो, त्यामुळे तो हाताला गोल सिगारपेक्षा मऊ लागतो. त्याला दोष समजू नये. विकत घेतल्यावर टोपी कापून, न पेटवता एक झुरका ओढून पाहिला की निम्मा निकाल तेथेच लागतो.

पानाचे मुरणे

तोडलेले पान आधी कोठारात टांगून वाळवतात, मग त्याचे मोठे ढीग रचून ओलसर अवस्थेत आंबवतात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते, अमोनिया निघून जातो आणि पानाचा उग्रपणा उतरतो. त्यानंतर गठ्ठ्यांत बांधून ते मुरवत ठेवतात. जुना तांदूळ मोकळा शिजतो आणि नवा चिकट होतो, तसाच फरक येथेही पडतो. अपुऱ्या मुरलेल्या पानाचा सिगार पहिल्याच झुरक्यात नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास देतो, आणि कितीही प्रसिद्ध पट्टी त्यावर उपाय करू शकत नाही.

पाद्रोन १९६४ मालिकेतील तंबाखू चार वर्षे मुरवलेली असते, आणि हे त्या सिगारच्या गुळगुळीतपणात स्पष्ट जाणवते. क्युबात लिहेरो किमान दोन वर्षे मुरवण्याचा प्रघात आहे, पण सौम्य पानांना त्याहून कमी काळ मिळतो. शिवाय सिगार तयार झाल्यावर लवकर बाजारात येतो. त्यामुळे नवा पार्तागास अनेकदा अस्वस्थ वाटतो; चवीचे धागे एकमेकांत मिसळलेले नसतात. तोच सिगार योग्य आर्द्रतेत तीन-चार वर्षे राहिला की त्याची मातकट, चामड्यासारखी, काळ्या मिऱ्याची आठवण देणारी चव एकजीव होते, आणि त्या अवस्थेत तो पाद्रोनला मागे टाकू शकतो असे माझे प्रामाणिक मत आहे. म्हणजे येथे निवड गुणवत्तेइतकीच धीराची आहे. क्युबाचा सिगार घेणाऱ्याने उरलेले मुरवण्याचे काम स्वतःच्या घरी करायचे असते.

क्युबाच्या पेटीच्या तळाशी कारखान्याचा संकेत आणि पेटी भरल्याचा महिना व वर्ष यांचा शिक्का असतो. विक्रेत्याला तो दाखवायला सांगावे. दोन वर्षांपूर्वीची पेटी मिळाली तर ती घ्यावी; गेल्या दोन-तीन महिन्यांतली असेल, तर लगेच ओढण्यासाठी घेऊ नये.

चव आणि जमीन

क्युबाची उत्तम तंबाखू पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता आबाहो भागात होते. निकाराग्वात एस्तेलीची काळी, भारदस्त ज्वालामुखीय माती कडक पान देते, तर होंडुरासच्या सीमेजवळचे हालापा खोरे मऊ, गोडसर पान देते. हे दोन देश परस्परांना परके नाहीत. होसे ओर्लांदो पाद्रोन हे मूळचे पिनार देल रिओचेच. क्रांतीनंतर देश सोडून त्यांनी १९६४ मध्ये मायामीत धंदा उभारला आणि १९७० मध्ये निकाराग्वाची वाट धरली. १९७८ मध्ये तेथील यादवीत त्यांचा एस्तेलीचा कारखाना जळाला, तरी ते पुन्हा उभे राहिले. निकाराग्वाच्या शेतांत आज जी रोपे दिसतात त्यांच्यापैकी पुष्कळांचे बियाणे मुळात क्युबाचे आहे.

चवीत मात्र फरक आहे आणि तो सुखद आहे. पाद्रोनमध्ये कोको, भाजलेली कॉफी आणि सुकामेव्याची छटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्थिर राहते. पार्तागास वळणे घेतो. पहिला तृतीयांश भाग आणि शेवटचा तृतीयांश भाग जणू वेगळ्या पानांचे असावेत इतका बदलतो. ज्याला स्थैर्य आवडते त्याने पाद्रोन घ्यावा, ज्याला बदलाचे कुतूहल आहे त्याने पार्तागास. येथे मी न्याय देऊ इच्छित नाही, कारण हा आवडीचा भाग आहे.

ज्या गोष्टींनी फसू नये

गडद वेष्टण म्हणजे कडक सिगार, हा समज चुकीचा आहे. कडकपणा मुख्यतः गाभ्यातल्या लिहेरोवर ठरतो. गडद रंग बहुतेक वेळा जास्त काळ व जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे येतो, आणि त्यातून उलट गोडवा वाढतो. राख लांब टिकणे हे लांब पानांचे लक्षण आहे, पण तिच्या पांढरेपणाचा संबंध जमिनीतल्या खनिजांशी अधिक आहे. वेष्टणावर दिसणारी पांढुरकी भुकटी हा मुरल्याचा पुरावा म्हणून कोणी विकत असेल, तर ती बहुतांशी बुरशी असते हे लक्षात ठेवावे.

किमतीचाही थोडा विचार करावा लागतो. १९६२ पासूनच्या अमेरिकी निर्बंधांमुळे क्युबाच्या सिगारभोवती दुर्मिळतेचे वलय आहे. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या नाममुद्रांच्या किमती जगभर मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओतील तंबाखू वाळवण्याची हजारो कोठारे पाडली. त्यामुळे आज क्युबाच्या सिगारसाठी मोजलेल्या पैशांतला बराचसा हिस्सा टंचाईचा असतो, गुणवत्तेचा नसतो. बनावट मालाचा धोकाही क्युबाच्या बाजूलाच अधिक आहे. पेटीवरची हिरव्या-पांढऱ्या हमीपत्राची मोहर, 'टोटालमेंते अ मानो' (पूर्णपणे हाताने) हा डागून उमटवलेला शिक्का आणि तळाचा संकेत या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दिसली तर ती बनावट आहे असे निःशंकपणे समजावे. पाद्रोन १९६४ च्या प्रत्येक सिगारला स्वतंत्र क्रमांक असलेली दुसरी पट्टी असते, तीही तपासून घ्यावी.

यंत्राने बनवलेले, तुकडा-तंबाखू भरलेले स्वस्त सिगार या तुलनेत बसत नाहीत. युरोपातील कोरडे छोटे सिगार आणि आपल्याकडचे तिरुचिरापल्लीचे चिरूट यांचे निकष वेगळे आहेत, आणि त्यांना या मापाने मोजणे त्यांच्यावर अन्याय होईल.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना सारखीच लागू आहे. चांगली प्रत म्हणजे कमी अपाय नव्हे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर छातीत न घेताही तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जो आज ओढत नाही त्याने केवळ प्रतीच्या कुतूहलापोटी सुरुवात करू नये असे मला मनापासून वाटते. जो कधीमधी ओढतो, त्याच्यासाठीच ही तुलना आहे.

कोणी काय घ्यावे

ज्याला या महिन्यात एक-दोन सिगार ओढायचे आहेत, किंवा ज्याच्या हाती पहिल्यांदाच चांगला सिगार येणार आहे, त्याने पाद्रोन घ्यावा. त्याची बांधणी भरवशाची आहे, पान आधीच मुरलेले आहे आणि दुकानातून आणल्यावर त्याला थांबावे लागत नाही. ज्याच्याकडे ह्युमिडॉर, म्हणजे आर्द्रता राखणारी सिगारची पेटी आहे, धीर आहे आणि एखादा तुंबलेला सिगार निघाला तरी जो खट्टू होणार नाही, त्याने पार्तागासची पेटी घेऊन काही वर्षे ठेवावी. परदेशातून भारतात येताना हे लक्षात असू द्यावे, की २०१६ च्या बॅगेज नियमांत शुल्कमुक्त सवलत २५ सिगारपर्यंतच होती; आजची मर्यादा आधी तपासून घ्यावी. पार्तागासची पेटीही पुष्कळदा २५ नगांचीच असते, त्यामुळे दोन्ही चाखायचे असतील तर सुटे घेणे सोयीचे.

महाराष्ट्रात राहणाऱ्यासाठी साठवणीचा प्रश्न निवडीइतकाच निर्णायक ठरतो. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवते; क्युबाचे सिगार या पट्ट्याच्या खालच्या टोकाला किंवा थोडे त्याखालीही अधिक चांगले जळतात. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर हवा याहून कितीतरी ओली असते, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत वेष्टण तडकू शकते. तापमान पंचविशीच्या आसपास किंवा वर राहिले, की पानात दडलेली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि सगळी पेटी भोकांनी भरते. म्हणून वातानुकूलित खोली किंवा वाइन ठेवण्याचे छोटे शीतकपाट नसेल, तर क्युबाची पेटी मुरवण्याचा बेत करू नये. अशा घरात घट्ट झाकणाचा डबा, आर्द्रता राखणारे एक पाकीट आणि आठवड्याभरात संपतील इतकेच पाद्रोन पुरेत.