हॅलोपेरिडॉल की ओलान्झापिन? हाताला काम शिकताना

पुण्यात स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाला कार्यशाळेत कागदी पिशव्या बनवायला पाठवताना आई-बाबा हमखास विचारतात, "गोळ्यांनी हात जड होतील का हो?" गोळी कुठली आणि किती, यावर ते बरंच अवलंबून असतं.

हॅलोपेरिडॉल हे 1958 सालचं, जुन्या पिढीचं औषध. मेंदूत निरोप पोचवणारं डोपामिन हे रसायन जिथे चिकटतं, त्या डी-2 ग्राहक नावाच्या जागा ते घट्ट अडवून धरतं. भास, संशय आटोक्यात येतात. पण सरावाने अंगवळणी पडणाऱ्या कामांसाठी मेंदूतल्या स्ट्रायटम या भागाला डोपामिनच लागतं. मग घडी कशी घालायची हे मुलगा तोंडाने बिनचूक सांगतो, मात्र पन्नासाव्या पिशवीलाही जवळपास पहिल्याइतकाच वेळ लावतो. आळशीपणा नव्हे तो! थरथर कमी व्हावी म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल जोडलं, तर स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो.

नव्या पिढीच्या ओलान्झापिनची डी-2वरची पकड त्यामानाने सैल. अंग कमी आखडतं, हात लवकर बसायची शक्यता जास्त. पण वजन आणि साखर वाढते, शिवाय सकाळी कात्रजहून स्वारगेटला येताना पीएमपीतच डोळा लागतो. नवं म्हणजे सगळं सौम्य असंही नाही. रिस्पेरिडोन हे दुसरं नवं औषध जास्त मात्रेत जुन्यांच्या जवळ जातं.

शिकण्याचा वेग मूळ आजारानेही मंदावतो, सगळं खापर गोळीवर नको. काम शिकायचंच असेल, तर माझा कल ओलान्झापिनकडे. घरात मधुमेह असेल तर हॅलोपेरिडॉलची कमीत कमी मात्रा डॉक्टरांशी बोलून बघावी. परस्पर गोळी बंद केली, तर आजार उलटतो आणि कार्यशाळाही सुटते.