अडकली होती केबल, पैसे घेतले कार्ब्युरेटरचे

माझं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, जुनं आहे, टू-स्ट्रोक, हँडलची मूठ फिरवून रेस कमी-जास्त करायचं. मूठ आधी जड झाली आणि एक दिवस अर्ध्यावर अडकूनच बसली. इंजिन दुरुस्तीला नेलं. मेकॅनिकने वरचं कव्हर काढलं, मूठ एकदा हिसडून पाहिली आणि लगेच सांगितलं, "कार्ब्युरेटर गेलाय. आतली झडप घासलीय, नवाच टाकावा लागेल." मॉडेल जुनं, पार्ट मागवावा लागणार, म्हणून अर्धे पैसे आगाऊ घेतले.

आठवड्याने इंजिन मिळालं. मूठ लोण्यासारखी फिरत होती आणि कार्ब्युरेटर चकचकीत दिसत होता. जुना मागितला तर म्हणाला, "तो भंगारात गेला, साहेब." मला तिथेच शंका यायला हवी होती.

तिसऱ्याच फेरीला, भर पाण्यात, रेस वरच अडकली. पुढे माझी मुलगी बसली होती. किल-स्विचची दोरी मनगटाला होती, ती ओढली आणि इंजिन थांबलं. हे आवर्जून सांगतो, कारण अशा वेळी हात आधी गिअरकडे जातो. तसं करू नका. न्यूट्रलला टाकलं की पंख्यावरचा भार सुटतो आणि इंजिन बेफाम पळतं. त्या वेगात रिव्हर्स टाकाल तर गिअरचीच मोडतोड होईल. आधी इंजिन बंद करा.

घरी आणून मी स्वतः उघडलं. प्लगच्या टोप्या काढून ठेवल्या, म्हणजे हात आत असताना इंजिन चालू होण्याची भीती नाही. मग मूठ आणि कार्ब्युरेटर जोडणाऱ्या केबलचं कार्ब्युरेटरकडचं टोक सोडवलं आणि कार्ब्युरेटरची लिव्हर बोटाने ढकलली. सहज फिरली, सोडल्यावर स्प्रिंगने परतही आली. मूठ मात्र केबल सोडवल्यावरही तितकीच घट्ट. मुठीकडचं टोक सोडवलं तेव्हा मूठ मोकळी झाली. म्हणजे दोष केबलमध्येच. आतली तार ओढून काढली तर निम्म्या लांबीवर गंजाची तांबडी भुकटी आणि टोकाशी ताज्या तेलाचा ओघळ. मेकॅनिकने केलेलं काम एवढंच: वरून तेल सोडलं. तेल वाहून गेल्यावर गंज पुन्हा आवळला.

आता कार्ब्युरेटर बारकाईने पाहिला. बसवायच्या दोन्ही नटांवरचा कंपनीचा जुना रंग सांध्यावर तसाच अखंड होता. पाना लागला असता तर तो तडकला असता. खालच्या पॅकिंगची कड पेट्रोलने काळपट होऊन चिकटलेली. आणि बाजूला, ताज्या चंदेरी स्प्रेखाली, स्क्रूड्रायव्हर घसरून माझ्याच हातून पडलेला जुना ओरखडा. कार्ब्युरेटर जागेवरून हललाच नव्हता, त्याला नुसता रंग मारला होता!

ही लिव्हरची चाचणी इंजिन दुकानात नेण्याआधी घरी करा, पाच मिनिटंही लागत नाहीत. लिव्हर बोटानेही जड लागली तरी लगेच नवा कार्ब्युरेटर लागतो असं नाही. बऱ्याचदा वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर झडपेच्या दांडीला धरून ठेवतो आणि क्लीनरने सुटतो. काही जुन्या इंजिनांत रेसबरोबर फ्लायव्हीलखालची (इंजिनावरच्या जड चाकाखालची) टायमिंगची प्लेटही फिरते, ठिणगीची वेळ बदलणारी. तिथलं ग्रीस वाळलं तरी मूठ अशीच अडते. आणि दोन गोष्टी तर बिघाडच नव्हेत. मूठ आहे तिथे धरून ठेवणारा हँडलवरचा घर्षणाचा स्क्रू जास्त आवळला गेला की मूठ जड होते. बऱ्याच इंजिनांत न्यूट्रलमध्ये मूठ थोडीच फिरून थांबते, ती मुद्दाम ठेवलेली अडवणूक असते. तेवढ्यावरूनही कोणी मोठा खर्च सांगू शकतो.

जुन्याच्या मापाची नवी केबल आणली, कुठे घट्ट वळण येणार नाही अशी बसवली आणि मुठीत पाण्यात टिकणारं ग्रीस भरलं. मूठ आता सोडली तरी रेस नीट खाली येते.

नटांचे आणि ओरखड्याचे फोटो घेऊन मी त्या मेकॅनिककडे गेलो. फोटो बघून म्हणाला, "पोराने चुकून जुनाच बसवला असेल." मी पैसे परत मागितले. त्याने बिल दाखवायला सांगितलं. बिलावर फक्त "इंजिन दुरुस्ती" लिहिलं होतं, कार्ब्युरेटरचं नावही नव्हतं, आणि ते मी पहिल्यांदा नीट वाचलं ते त्याच्या दारात उभं राहून.