जाहिरातीच्या कोडमध्ये नंबर कोणाचा आहे, ते आधी बघा

वेबसाइटवर जाहिराती लावून पैसे मिळतात, ही थाप नाही. मी मिळवले आहेत आणि आजही मिळवते. म्हणूनच हे लिहायला बसले. या धंद्यात मुरलेला फसवणारा तुम्हाला खोटं खातं दाखवत नाही. खातं खरं असतं, जाहिराती खऱ्या असतात, बँकेत जमा होणारी रक्कमही खरी असते. त्यामुळे संशय यायला काही जागाच राहत नाही, आणि कमाईचा मोठा हिस्सा रोज दुसऱ्याच्या खात्यात जात राहतो. माझ्या साइटवर हे जवळजवळ वर्षभर चाललं होतं.

लातूरला मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवते. प्रयोग, समास, अलंकार, वाक्प्रचार यांच्या नोट्स मुलं वहीचे फोटो काढून एकमेकांना पाठवायची. त्यातली निम्मी पानं धड वाचताही यायची नाहीत. म्हणून २०२२च्या शेवटी सगळं नीट टाइप करून वेबसाइटवर टाकायचं ठरवलं. ओळखीतल्या एकांनी पुण्यातल्या एका एजन्सीचा नंबर दिला. तिचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. तिथला माणूस फार गोड बोलायचा. "ताई, तुम्ही फक्त लिहा, टेक्निकल आमच्यावर सोडा. मराठी साइटला ॲडसेन्सचं ॲप्रूव्हल सहजासहजी मिळत नाही, पण आमची आत ओळख आहे." ॲडसेन्स म्हणजे साइटवर जाहिराती दाखवून मालकाला पैसे देणारी सेवा. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), डिझाइन आणि 'ॲप्रूव्हल' (मंजुरी) मिळून अठरा हजार रुपये घेतले. पुढे दरमहा देखभालीचे पैसे वेगळे.

आता यातलं खरं काय आणि खोटं काय, ते सांगते. ॲडसेन्स ही गूगलची सेवा २००३ पासून चालू आहे आणि २०१८ पासून तिच्यात मराठी अधिकृतपणे आहे. अर्ज करायला एक रुपयाही लागत नाही. मजकूर स्वतःचा असेल, पुरेसा असेल, साइट नीट चालत असेल तर मंजुरी मिळते, नसेल तर कारण कळवतात, दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करता येतो. आतल्या ओळखीचा इथे काही उपयोग नसतो. कमाई १० डॉलरपर्यंत गेली की पत्त्याची खात्री करायला पोस्टाने सहा आकडी पिन येतो. १०० डॉलर पूर्ण झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान रक्कम निघते आणि थेट तुमच्या बँकेत येते, मध्ये कोणी लागत नाही. हे सगळं गूगलच्या मदतपानांवर लिहिलेलं आहे. पण 'ॲप्रूव्हल' हा शब्द इतका अवघड करून ठेवलाय की गावोगावची माणसं त्यासाठी पैसे मोजतात.

मला पिनचं पाकीट आलं. पोस्टमनने ते हातात दिलं, त्यावर माझं नाव, माझा पत्ता. काही महिन्यांनी बँकेत पहिली रक्कम आली. खातं माझ्या नावावर, लॉगिन माझ्याकडे, आकडे मीच बघत होते. एवढं पुराव्यानिशी समोर असताना कोणता माणूस शंका घेईल? एजन्सीवाल्याने नेमकं याचंच भांडवल केलं.

२०२३ साली तलाठी भरती निघाली. ४६४४ जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. खुल्या वर्गाच्या मुलांनी हजार रुपये फी भरून अर्ज केले होते, कित्येकांनी ते उसने आणले होते. ऑगस्टच्या मध्यापासून परीक्षा सुरू झाल्या आणि माझी साइट तुडुंब भरली. टीसीएस (ही परीक्षा घेणारी कंपनी) पॅटर्नवरचे सराव प्रश्न मी रोज रात्री टाकत होते आणि सकाळी उठून बघावं तर हजारो मुलांनी ते सोडवलेले असायचे. त्या काळात एका दिवसात जेवढी मुलं माझ्या नोट्स वाचून गेली, तेवढी मी क्लासमध्ये जन्मभरात शिकवली नसतील. या आनंदात कमाईचा विषय थोडा मागे पडला होता, पण आकडा बघितला की खटकायचं. एवढ्या गर्दीत कमाई वाढली ती नावालाच. एजन्सीवाल्याला विचारलं तर उत्तर तयार असायचं, "ताई, मराठीला रेट कमी असतो. शिवाय पोरं ॲड ब्लॉकर वापरतात." ॲड ब्लॉकर म्हणजे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर.

मराठी जाहिरातींचा दर इंग्रजीपेक्षा कमी असतो हे खरं आहे. म्हणून ते पटायचं. न पटणारी गोष्ट मुलांनीच सांगितली. क्लासमधली एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, उत्तर बघायचं म्हटलं की आधी जाहिराती बंद करत बसावं लागतं, काहीतरी करा." तिच्या फोनवर बघितलं. वर एक जाहिरात, प्रश्नांच्या मध्ये दोन, खाली चिकटलेली एक, आणि अगदी तळाला आणखी एक. ॲड ब्लॉकर कुठे होता? साधा फोन, साधं क्रोम. मुलांच्या पडद्यावर जाहिरातींचा पूर आलेला, आणि माझ्या खात्यात जाहिराती दिसल्याचा आकडा पानं उघडल्याच्या आकड्याच्या जवळपासही नाही. पानं किती उघडली ते साइटवरची गर्दी मोजणारं ॲनालिटिक्स सांगत होतं. एका पानावर पाच जाहिराती असतील तर जाहिरातींचा आकडा पानांपेक्षा मोठा हवा. माझा त्याहून कितीतरी लहान होता.

बीसीए झालेला एक विद्यार्थी क्लास सुटल्यावर थांबला. त्याने लॅपटॉपवर साइट उघडली, कंट्रोल आणि यू दाबून पानाचा मूळ कोड समोर आणला आणि त्यात इंग्रजीत 'पब' एवढंच शोधलं. प्रत्येक ॲडसेन्स खात्याला 'पब' आणि पुढे १६ आकडे असा नंबर असतो. ज्या जाहिरातीच्या कोडमध्ये जो नंबर, तिचे पैसे त्या खात्यात. आम्ही माझ्या खात्यातला नंबर कागदावर लिहून घेतला आणि एकेक ताडून बघितला. पहिल्या जाहिरातीचा नंबर वेगळा. दुसरीचा तोच वेगळा. तिसरी, चौथी, तेच. तळाची, जिथपर्यंत मुलं क्वचितच पोचतात, ती एकटी माझी होती.

दुकान माझं, माल माझा, गिऱ्हाईक माझं आणि गल्ला एजन्सीवाल्याचा.

एकाच पानावर दोन खात्यांच्या जाहिराती चालू शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तांत्रिकदृष्ट्या त्यात अडचण काहीच येत नाही. जाहिराती लावणाऱ्या बहुतेक साइटवर 'ॲड्स डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी फाइल असते. जाहिरात उद्योगाच्या आयएबी टेक लॅब या संस्थेने २०१७ मध्ये ही पद्धत आणली, कारण दुसऱ्याच्या साइटच्या नावावर जाहिरातींची जागा परस्पर विकण्याचे प्रकार वाढले होते. या साइटवर जाहिरात दाखवायचा अधिकार कोणाकोणाला आहे, त्यांची यादी या फाइलमध्ये असते. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन फाइलचं नाव टाइप केलं की कोणालाही ती वाचता येते. माझ्या साइटच्या फाइलमध्ये दोन ओळी होत्या. दोन नंबर, आणि दोन्हींपुढे 'डायरेक्ट', म्हणजे हे खातं साइटच्या मालकाचंच आहे, असं लिहिलेलं. चोर पकडायला केलेल्या यादीत त्याने स्वतःचं नाव मालक म्हणून घातलं होतं.

फोन केला. आवाज चढला नाही, उलट आणखी मऊ झाला. "ताई, कोटेशनमध्ये 'मेंटेनन्स इन्व्हेंटरी' लिहिलंय, तेच आहे हे." कोटेशन काढून बघितलं. ते दोन शब्द, म्हणजे देखभालीपोटी ठेवलेली जाहिरातींची जागा, खरंच होते, अटींच्या खाली बारीक अक्षरांत, किती जागा आणि किती हिस्सा याचा पत्ता नाही. मी कोड बदलायला सांगितलं. त्याच संध्याकाळी साइटचा माझा पासवर्ड चालेनासा झाला. आणि मग दुसरी गोष्ट उघड झाली. डोमेन माझ्या पैशांनी घेतलेलं, पण त्याच्या खात्यातून आणि त्याच्या ईमेलवर. कागदोपत्री त्या पत्त्याचा मालक तोच. माझ्या नोट्स, माझ्या मुलांच्या सवयीचा पत्ता, सगळं त्याच्याकडे, आणि त्यावर जाहिराती चालूच.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. १९३० हा हेल्पलाइन नंबर सगळ्यांनी लक्षात ठेवावा, पण त्याचा खरा उपयोग खात्यातून नुकतीच रक्कम गेली असेल तेव्हा होतो. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात ती अडवता येते. माझ्यासारख्या प्रकरणात आधी समोरच्याला गुन्हा समजावूनच सांगावा लागतो. "तुमच्या खात्यातून काय गेलं?" या प्रश्नाला "जे आलंच नाही ते" हे उत्तर कोणाला पटकन कळत नाही. तिथे मदतीला आलं ते वेबॅक मशीन. इंटरनेट आर्काइव्हच्या या सेवेत जुन्या साइटची पानं तारखेसह जपलेली असतात, आणि त्या पानांचा मूळ कोडही बघता येतो. ऑगस्ट २०२३ मधल्या माझ्या पानांवर त्याचा नंबर ठळक दिसत होता. त्याने पुढे कोड कितीही साफ केला तरी त्याने ते जुनं पान बदलत नव्हतं. प्रिंट काढून, त्यांना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडून ती दिली. हे प्रमाणपत्र जुन्या कायद्यात कलम ६५ ब खाली लागायचं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं. त्याशिवाय प्रिंटला फारसं वजन नसतं.

नोट्स माझ्या आहेत हे सिद्ध करणं त्या मानाने सोपं गेलं. मूळ फाइली माझ्याकडे होत्या, वह्या होत्या. गूगलकडे कॉपीराइटची तक्रार करायचा फॉर्म आहे, तो भरला, एकेका पानाचा पत्ता देऊन. बरीच पानं शोधातून उतरली. जाहिरातींचे पैसे मात्र गेले ते गेले. माझ्या तळाच्या एका जागेने त्या महिन्यात किती दिले ते मला माहीत आहे, वरच्या चार जागांचं त्यालाच ठाऊक. पुढच्या वर्षी १७ हजारांवर जागांची पोलीस भरती आली तेव्हा मी नव्या पत्त्यावर, स्वतःच्या नावावर होते. वाचक आधीपेक्षा कमी होते, पण कमाई कितीतरी पट जास्त झाली. त्यावरून अंदाज बांधता येतो, आणि तो बांधला की अजून पोटात कालवतं.

हे मी ओळखीत सांगायला लागले तशी इतरांचीही तोंडं उघडली. नांदेडच्या एका बाईंनी रांगोळीच्या साइटसाठी 'ट्रॅफिक पॅकेज' घेतलं होतं, महिन्याला अमुक हजार व्हिजिट्सची हमी. त्या व्हिजिट्स माणसांच्या नव्हत्याच. गूगलने अवैध ट्रॅफिक म्हणून खातं बंद केलं आणि साठलेली रक्कमही गेली. एका निवृत्त गुरुजींना 'तयार ॲप्रूव्ह्ड खातं' विकलं गेलं. ॲडसेन्सचं खातं दुसऱ्याला विकता येत नाही, त्यामुळे पैसे निघायची वेळ आली तेव्हा खात्यावरचं नाव आणि गुरुजींच्या बँकेतलं नाव जुळेना. 'घरबसल्या लिंकवर क्लिक करा, पाच रुपये मिळवा' हा प्रकार तर यांचा थोरला भाऊ. २०१७च्या फेब्रुवारीत नोएडाचं 'सोशल ट्रेड' प्रकरण उत्तर प्रदेश पोलिसांनी उघड केलं, तेव्हा लाखो लोकांचे मिळून सुमारे ३७०० कोटी रुपये त्यात अडकल्याचं समोर आलं होतं. तिथे क्लिकचे पैसे जाहिरातदार देत नव्हते, नव्याने भरती होणारी माणसं देत होती.

हिस्सा घेऊन जाहिराती चालवणारे प्रामाणिक लोकही आहेत, हे सांगायलाच हवं. गूगलचे अधिकृत भागीदार असतात, त्यांच्यामार्फत गेलात तर गूगलकडून तुमच्या ईमेलवर निमंत्रण येतं आणि ते तुम्हाला स्वतः स्वीकारावं लागतं. टक्केवारी आधी ठरलेली असते. कोणी "आमच्या पार्टनर खात्यातून करून देतो" म्हणालं आणि असं निमंत्रण आलं नाही, तर तिथेच थांबा. डोमेन कोणत्या ईमेलवर आहे ते विचारू नका, तुमच्या ईमेलवर घ्यायला लावा आणि पावती स्वतःच्या नावाची मागा. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या कमाईच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. ब्राउझरमध्ये आकडे बदलून तसा स्क्रीनशॉट काढणं दोन मिनिटांचं काम आहे, माझ्या त्या विद्यार्थ्याने मला समोर बसून करून दाखवलं.

साइट दुसऱ्याने बांधून दिली असेल तर आजच एकदा कोड उघडून बघा. लॅपटॉप नसला तरी चालतं, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये साइटच्या पत्त्याआधी इंग्रजीत 'व्ह्यू-सोर्स' आणि विसर्गासारखी दोन टिंबं टाइप करा, कोड समोर येतो. प्रत्येक 'पब' नंबर तुमच्या खात्यातल्या नंबराशी ताडून बघा, आणि फक्त पहिल्या पानावर थांबू नका, सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान उघडा. दुसरा नंबर सापडला तर लगेच फोन करून भांडू नका. आधी त्या पानाची नोंद वेबॅक मशीनमध्ये करून ठेवा, मजकुराची पूर्ण प्रत काढा, डोमेन तुमच्या ताब्यात घ्या, आणि मग बोला. माझ्या त्या फोननंतर काही तासांत सगळी दारं बंद झाली होती.

ती एजन्सी आता नव्या नावाने भरतीच्या टेलिग्राम ग्रुपांवर जाहिरात करते आहे. मजकूर बदलला आहे, दरही उतरवला आहे, पण 'मराठी साइटला खात्रीने ॲप्रूव्हल' आणि 'टेक्निकल आमच्यावर सोडा' ही दोन वाक्यं जशीच्या तशी आहेत.