फुगा फुगतो, भाकरी फुगत नाही: पिशवीच्या गोबरगॅसचे अकरा महिने

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पहाटे साडेचारला शेगडी पेटवली. जाळ दोनदा फक-फक करून विझला. बॅटरी घेऊन गोठ्यामागं गेलो तर गोबरगॅसचा फुगा टम्म. बोटानं दाबला तर ट्रॅक्टरच्या टायरसारखा घट्ट. म्हणजे गॅस आहे, पण चुलीपर्यंत येत नाही. पाणी शेवटी बंबात तापवलं. आई काही बोलली नाही. नुसती बघितली, आणि तेवढ्यात सगळं आलं, कारण ती मार्चपासून एकच वाक्य म्हणत होती: "ह्या जाळावर भाकरी फुगत न्हाई."

पिशवीचा गोबरगॅस आता बहुतेकांनी कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यामागं पाहिलेला असतो. लांबट खड्डा, त्यात जाड काळी पिशवी, एका बाजूला शेण कालवायची टाकी, दुसऱ्या बाजूला स्लरीचा, म्हणजे गॅस देऊन बाहेर पडणाऱ्या पातळ शेणाचा खड्डा. आमचा दोन घनमीटरचा. दावणीला दोन म्हशी, एक गाय आणि एक कालवड. दिवसाला चाळीस किलोच्या आसपास शेण निघतं, तेवढंच पाणी घालून काला करायचा. दोन घनमीटरला खरं तर पन्नास किलो शेण लागतं. विकायला आलेल्यानं "चालतंय की" म्हणून सांगितलं आणि ते चाललं, ही तक्रार नाही. सबसिडी वजा जाऊन माझ्या खिशातनं १६,२०० गेले, त्यात जेसीबी, पाइप आणि दोन मजुरांचं जेवणसुद्धा धरलंय.

सुरुवातीचे तीन आठवडे काहीच होत नाही, हे कुणी नीट सांगत नाही. आधी जो वायू येतो तो पेटत नाही, तो सोडून द्यायचा. विसाव्या-बाविसाव्या दिवशी निळा जाळ दिसला तेव्हा बायकोनं पहिला चहा केला आणि आम्ही सहाजणांनी तो गोठ्यात उभं राहून प्यायला. चहा, भात, आमटी, दुधाचं पातेलं, म्हशीच्या खुराकाची आंबवण, सगळं होतं. दूध तर इतकं सावकाश तापतं की अकरा महिन्यांत एकदाही उतू गेलेलं नाही. पण भाकरी नाही.

ज्यांच्याकडं गव्हाची पोळी खातात त्यांना हे दुखणं कळायचं नाही. शाळू ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला, उलटली, की मग तवा बाजूला करून ती सरळ जाळावर धरायची. तिथं जाळ असा लागतो की दहा-पंधरा सेकंदांत पापुद्रा सुटून भाकरी टम्म व्हायला पाहिजे. जाळ मवाळ असला की आतली वाफ जागेवरच मुरते, भाकरी वाळते, कडेला चिरते आणि दुपारी शेतात डबा उघडला की कौल खाल्ल्यासारखं वाटतं. आईचा आणखी एक आरोप असा की भाकरीला शेणाचा वास येतो. तो मला मान्य नाही. कच्च्या गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास असतो, तो त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा. तो शोषायला पाइपात लोखंडाच्या किसाचा डबा बसवलेला असतो आणि पेटल्यावर तो वास राहत नाही. पण हे शास्त्र आईला सांगून उपयोग नाही, कारण तिच्याकडं पुरावा आहे.

पुरावा म्हणजे आजोबांचा जुना गोबरगॅस. विहिरीसारखी बांधीव टाकी आणि त्यात तरंगणारा लोखंडी डोम, खादी कमिशनचा. जशभाई पटेलांच्या आराखड्यावरनं देशभर पसरलेला तो प्रकार. डोम दरवर्षी रंगवायला लागायचा, एक वर्ष चुकलं आणि गंजून भोकं पडली. पण त्या गॅसवर भाकरी फुगायची, हे मलाही आठवतंय. कारण साधं आहे. लोखंडी डोमाचं वजन गॅसवर कायम बसलेलं असतं, त्यामुळं गॅस थोडा असो की भरपूर, दाब तोच. पिशवीत तसं नाही. पिशवी भरली तर दाब आहे, अर्धी झाली की जाळ खाली बसला. विटांच्या पक्क्या डोमाचा दीनबंधू गोबरगॅस घेतला असता तर? १९८४ पासून तो नमुना गावोगाव आहे, पण त्यातही दाब वरखाली होतोच, आणि गवंडी चुकला तर डोमाला चीर जाऊन गॅस कायमचा हवेत.

सर्व्हिसबद्दल. ऑक्टोबरात मी कंपनीला सहा फोन केले. पहिल्या पाच वेळा पलीकडून हिंदीत एकच प्रश्न, "गोबर कितना डालते हो?" मी सांगतोय फुगा घट्ट आहे, ते सांगतायत शेण वाढवा. सहाव्या फोनला मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यात टाकी कशी ढवळावी हे दाखवलं होतं, पार्श्वसंगीतासकट. माणूस एकोणिसाव्या दिवशी आला. पोरगं चांगलं होतं, पण त्यानं शेगडीचा नोझल सुईनं साफ केला, हवेची चकती फिरवली, जाळ दहा मिनिटं नीट चालला आणि तो पुढच्या गावाला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फक-फक. या परीक्षणात पाचपैकी दोन तारे द्यायचे, आणि तेही स्लरीसाठी, असं ठरवून टाकलं.

इथपर्यंत नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं. लोकांपुढं टाकायचं राहिलं ते बरं झालं.

कोडं आईनंच सोडवलं, तेही भांडताना. म्हणाली, "सांजच्याला बरं असतंय, सकाळीच मरतंय." मी दोन दिवस त्यावर विचार केला. पिशवीतला गॅस उबदार आणि वाफेनं भरलेला असतो. पाइपात तो थंड झाला की वाफेचं पाणी होतं. रात्री थंडी जास्त, पाणीही जास्त. म्हणून पाइपाला उतार द्यायचा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवायचा. आमचा पाइप गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सत्तर फूट, आणि मधे जांभळाच्या झाडापाशी तारेला लटकवलेला. तिथं झोळीसारखा झोल पडलेला. कॉक होता, पण भिंतीपाशी, झोलापेक्षा फूटभर वर! पाणी झोलात साठायचं, गॅस त्यातनं बुडबुडे काढत यायचा, आणि तेच ते फक-फक.

मी झोलाच्या तळाला पाइप कापला. तांब्याभर काळपट पाणी निघालं. अठ्ठावीस रुपयांचा टी, म्हणजे तीन तोंडांचा पाइपाचा जोड, साठ रुपयांचा कॉक, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी पहाटे जाळ सरळ निळा उभा राहिला. एकोणीस दिवस आणि सहा फोन ज्याला लागले ते काम अठ्ठ्याऐंशी रुपयांचं होतं. फुग्याला शिव्या घालण्याआधी आपापल्या पाइपाचा झोल बघा.

भाकरी? निम्मी फुगते. म्हणजे आधी एकही फुगत नव्हती, आता दहातल्या चार-पाच फुगतात. मग मी खताच्या चार पोत्यांत अर्धी-अर्धी वाळू भरून पिशवीवर ठेवली, त्यानं दाब थोडा वाढला. कंपनीच्या पोरानं फोटो पाहून सांगितलं की वॉरंटी जाईल. वाळू काढली. मग परत ठेवली. ठेवणार असाल तर पोत्याला खडा-खिळा नाही ना, हे हातानं चाचपून बघा, आणि कुत्री चढू नयेत म्हणून भोवती कुंपण घाला.

डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी झाला, तो मात्र पाइपाचा दोष नव्हता. आतल्या जिवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब आवडते, आमच्याकडं तेव्हा पहाटे हुडहुडी भरते. आता पाण्याची टाकी उन्हात ठेवतो आणि काला सकाळऐवजी दुपारी एकला करतो. फरक पडतो. जानेवारीतच एका म्हशीच्या कासेला सूज आली, डॉक्टरांनी ॲंटिबायोटिकची इंजेक्शनं दिली आणि मी नेहमीसारखं तिचं शेण टाकीत टाकलं. आठवडाभर गॅस जवळपास बंद. म्हशीला बरं करणारं औषध फुग्यातल्या जिवाणूंनाही मारतं, हे आपण विसरतो. आजारी जनावराचं शेण वेगळं, उकिरड्यावर. गोठा फिनेलनं धुतला तर ते पाणीही टाकीत नको. वैरणीचं चगाळही नको, ते वर तरंगून साय धरतं.

मधे एक आगाऊपणा केला. पुण्यातल्या आरती संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पिठूळ, गोड खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस काढला होता, त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यातलं मर्म असं की शेणातलं खाद्य जनावरानं आधीच पचवलेलं असतं, पिठात ते पूर्ण शिल्लक असतं. मला वाटलं, आपल्याकडं न फुगलेल्या शिळ्या भाकऱ्यांना तोटा नाही. रोज दोन-तीन कुस्करून टाकल्या तर गॅस खरंच वाढला. मग हावरेपणानं किडलेलं पाच किलो पीठ एकदम ओतलं. फुगा आंबला. जाळ पेटेना, टाकीला आंबूस वास, दहा दिवस नुसतं शेण घालून ताळ्यावर आणला. भाकऱ्या घाला, पण मुठीनं.

आता ज्यासाठी मी तारे वाढवले ते. रोज ऐंशी लिटर काला आत जातो, जवळपास तेवढीच स्लरी बाहेर येते. पावसाळ्यात ही कटकट होती. खड्डा भरला, स्लरी वाहून शेजारच्यांच्या बांधाला लागली आणि त्यांची बोलणी खाल्ली. खड्ड्यावर पत्रा टाकून घ्या, बसवतानाच. पण त्याच स्लरीनं माझं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, कुजलं. आम्ही इतकी वर्षं ऊस गेला की पाचट पेटवून द्यायचो. एकरी तीन-चार टन सोनं काडी लावून जाळायचो, धूर गावभर. गेल्या वर्षी अर्ध्या एकराच्या खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेल्या पिकात, ते सरीत तसंच दाबलं. शिफारस टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू अशी आहे. ते घातलं आणि वरनं एप्रिलपासून कॅननं स्लरी ओतत गेलो. मृग संपेपर्यंत पाचट हातात चुरगळत होतं आणि खाली गांडुळं. तण कमी आलं, पाण्याची एक-एक पाळी लांबली. ऊस अजून उभा आहे, टनेज तोडणीनंतरच कळेल, आधी बढाई मारत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांना मिळते म्हणून कुणाला स्लरीचं कौतुक वाटत नाही, पण मला रानातली माती पावलाखाली मऊ लागते त्याचं वाटतं.

परसातली वांगी, घेवडा, मेथी यावरच आहेत. पहिल्यांदा मेथीवर निव्वळ ताजी स्लरी ओतली आणि वाफा करपला, त्यातला अमोनिया कोवळ्या रोपाला झेपत नाही. आता दुप्पट पाणी घालून, मुळाशी. वांगी बुधवारच्या बाजारात बायको बसून विकते, व्यापाऱ्याकडं जात नाहीत. आणि वहिनींच्या बचत गटाची शेंगदाण्याची चटणी. शेंगदाणे भाजायला जाळ कसा लागतो? मवाळ. सिलिंडरवर ते वरनं करपतात आणि आतनं कच्चे राहतात. आमच्या मरतुकड्या जाळावर वहिनी दुपारी चार किलो शेंगदाणे निवांत भाजतात, एकसारखे, सालं अलगद सुटतात. ज्या दोषासाठी मी सहा फोन केले त्याच्यावर वहिनी चटणीचे डबे विकतायत, आणि मला त्यातला एक फुकट मिळतो.

हिशेब असा. पूर्वी महिन्याला एक सिलिंडर संपायचा. या अकरा महिन्यांत चार लागले, त्यातला एक पहिल्या महिन्यातला, जेव्हा गॅस आलाच नव्हता. सिलिंडर साडेआठशेच्या वर, म्हणजे सात वाचले, सहा हजारांच्या आसपास. स्लरीचं काही न धरता पैसे फिटायला अडीच वर्षं. उरलेले तीन सिलिंडर कशाला लागले? भाकरीला. सकाळच्या तेरा-चौदा भाकऱ्या आई अजून सिलिंडरवरच करते, गोबरगॅसवर निम्म्या फुगतात हे तिला पुरेसं नाही. मी चार तारे देतोय. तिला विचारू नका.

परवा सिलिंडरवाला गल्लीत भेटला. म्हणाला, "काय ओ, गाव सोडलासा काय? बुकिंगच न्हाई तुमचं." मी गोबरगॅसचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतनं आईचा आवाज आला, "जाऊ नको रे, एक उतरून जा. भाकरीचा संपत आलाय."